राडारोड्याला मुदतवाढ

सकाळी दात घासत घराबाहेर आलेल्या माणसाला त्याच्याच भिंतीने दम दिला तर त्याने काय करावे, हे थिओफिलस अम्पोफो मास्तरांना एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवले नव्हते. भिंतीवर लाल रंगात हातभर उंचीची अक्षरे होती : ‘सोमवार १७ च्या आत हटवा – नगरसभा.’ ओळ उतरती गेली होती, शेवटचे अक्षर भिंतीत न मावल्याने खिडकीच्या झडपेवर चढले होते आणि रंग अजून ओला होता. मास्तरांनी सवयीने हस्ताक्षराला दहापैकी तीन गुण दिले. मग ते गोंधळले. हटवा, पण काय हटवा? भिंत? खिडकी? की आपण स्वतःच?

“डोर्कास,” त्यांनी हाक मारली, “जरा बाहेर ये. आपल्याला हटवायला सांगितलंय.”

डोर्कासबाई शिवणावरून उठून तोंडातल्या टाचण्यांसकट बाहेर आल्या. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिले, एकदा दाराशेजारी पाहिले आणि टाचण्या हातात घेऊन म्हणाल्या, “आपल्याला नाही हो. त्याला.”

‘तो’ म्हणजे ढीग. फुटक्या विटा, गिलाव्याचे पापुद्रे, गंजके पत्रे आणि जुन्या चुलीची माती असा पुरुषभर उंचीचा राडारोडा गेले दोन महिने मास्तरांच्या दारात रस्ता अडवून बसला होता. आता तो घरातलाच झाला होता. डोर्कासबाई त्याच्यावर टॉवेल वाळत घालत, आणि शेजारची एक कोंबडी रोज त्याच्या पाठीमागे अंडे घालून जाई.

ढीग आला कुठून, तर मागचे जुने स्वयंपाकघर पाडून मास्तरांनी तिथे एक खोली बांधली होती. खोली सासूबाईंसाठी होती. पोमा आजी चौऱ्याऐंशीच्या. गावाकडे त्यांच्या घराचे छप्पर वादळात उडाले, तेव्हा डोर्कासबाई त्यांना इथे, क्वापेमसोला घेऊन आल्या आणि बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर त्यांची सोय केली. आजींनी एकच अट घातली होती. “मास्तर, मला दार असलेली खोली पाहिजे. येणारा-जाणारा माझे पाय बघतो, हे मला चालणार नाही. महिना-दोन महिने बघीन. नाहीतर मी आपली गावाला जाईन.” गावाला आता त्यांचे कुणीही उरले नव्हते आणि छप्पर तर नव्हतेच, पण आजी बोलल्या म्हणजे जाणार, हे घरात सगळ्यांना माहीत होते. मास्तरांनी शब्द दिला. खोली झाली, दार लागले, आता रंग तेवढा राहिला होता.

भिंतीवरच्या अक्षरांच्या मागोमाग कागदही आला. त्यात लिहिले होते, की सार्वजनिक रस्त्यावरील राडारोडा मुदतीत न उचलल्यास तो ज्या बांधकामातून निघाला ते बांधकाम राडारोड्यासह हटवण्यात येईल. मास्तरांनी हे वाक्य तीनदा वाचले. खोलीच पाडली तर आणखी राडारोडा होईल, मग तो कुणी आणि कशासह हटवायचा, हे त्यांना काही केल्या कळेना. पण डोर्कासबाईंचा चेहरा पाहून त्यांनी हा प्रश्न विचारला नाही.

आता कुणी म्हणेल, त्यात काय, बोलवा ट्रक आणि उचला. मास्तरही हेच म्हणाले असते. पण गल्लीच्या तोंडाशी चर होता. तीन महिन्यांपूर्वी याच नगरसभेच्या कंत्राटदाराने गटारासाठी गल्लीचे तोंड या टोकापासून त्या टोकापर्यंत खांद्याइतके खोल खणले आणि तो जेवायला म्हणून गेला, तो अजून जेवतोच आहे. चरावर एक फळी टाकलेली होती. त्या फळीवरून शाळेची मुले जात, डोक्यावर केळ्यांची टोपली घेतलेल्या बायका जात, बकऱ्या जात. ट्रक जात नव्हता. खोलीच्या विटासुद्धा मजुरांच्या डोक्यावरून आल्या होत्या, आणि त्यातच मास्तरांचे पैसे संपले होते. पोमा आजींना तर फळीची इतकी धास्ती, की आल्यापासून त्यांनी गल्लीबाहेर पाऊल टाकले नव्हते, आणि क्वापेमसोत निम्म्या लोकांना त्या इथे आहेत हेही ठाऊक नव्हते. जन्मभर मुलांना जगातले मोठमोठे कालवे नकाशावर दाखवणाऱ्या भूगोलाच्या मास्तरांच्या दारातच असा कालवा निघावा, याचे मास्तरांना मनापासून वाईट वाटे.

गल्लीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. सल्ल्यांत आघाडीवर ब्रेम्पॉन्ग. हा समोर राहणारा, पूर्वीचा ट्रक ड्रायव्हर. ट्रक विकून त्याने मांडव, खुर्च्या आणि कर्णे भाड्याने द्यायचा धंदा काढला होता, आणि त्या भागात दर शनिवारी कुणा ना कुणाच्या मरणाच्या दुःखाची बैठक असल्याने त्याचे उत्तम चालले होते.

“मास्तर, सोपं आहे,” तो म्हणाला. “इकडे ढीग, तिकडे खड्डा. ढीग खड्ड्यात घाला. दोन्ही प्रश्न मिटले.”

“तो खड्डा नाही, ब्रेम्पॉन्ग. तो सरकारी चर आहे.”

“मग सरकारी चरात घाला.”

“आणि उद्या कुणी विचारलं, तर?”

“तर म्हणा, मला काय माहीत.”

“म्हणजे खोटं बोलू?” मास्तरांचा आवाज चढला. खोटेपणाविषयी ते फार कडक होते. सध्याचे नगरसेवक सार्फो शाळेत त्यांच्याच वर्गात होते, आणि एकाच आजीच्या अंत्यविधीसाठी एका वर्षात तिसऱ्यांदा रजा मागितल्याबद्दल मास्तरांनी त्यांना दिवसभर बाकावर उभे केले होते. ही गोष्ट मास्तर अजून सांगत. सार्फो सांगत नसत.

मास्तरांचा विश्वास होता अर्जावर. ते त्याच दुपारी बसले आणि टपोऱ्या अक्षरांत दोन पाने लिहिली. ‘विषय : बांधकामाच्या जागी वाहन पोचण्यास वाट अपुरी असल्याने राडारोडा उचलण्यास मुदतवाढ मिळणेबाबत.’ खाली गल्लीचा नकाशा काढला, उत्तर दिशेचा बाण दाखवला, चर निळ्या पेन्सिलीने रंगवला. डोर्कासबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “छान आहे. पण ते लाल अक्षरात लिहून गेले, तुम्ही निळ्यात लिहिताय.”

दुसऱ्या दिवशी पांढराशुभ्र शर्ट घालून, अर्ज छातीशी धरून मास्तर फळीवरून निघाले. मध्यावर समोरून एक बकरी आली. मास्तरांनी तिला वाट दिली. फळीवर वाट देण्याइतकी जागा नव्हती, हे त्यांच्या चरात पोचल्यावर ध्यानात आले. अर्ज मात्र त्यांनी हात उंच करून वाचवला. नगरसभेच्या दारात ते कमरेपर्यंत तांबडे आणि वर पांढरे असे पोचले, तेव्हा शिपायाने त्यांना कंत्राटदाराचा माणूस समजून मागच्या दाराने जायला सांगितले.

स्वच्छता व बांधकाम विभागात न्केटियाबाई टेबलावर कागद पसरून भाजलेली केळी आणि शेंगदाणे खात होत्या. त्यांनी अर्ज वाचला. नकाशाचे कौतुक केले. मग म्हणाल्या, “मास्तर, वाट नाही हे तुम्ही म्हणताय. पुरावा?”

“मी स्वतः आत्ता त्यात पडून आलोय,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी पँट दाखवली.

“चिखल कुठेही लागतो. वाहन जात नसल्याचा फोटो जोडा. वाहनासह.”

मास्तर परत निघाले ते विचार करत. गल्लीत वाहन येत नाही, याचा फोटो काढण्यासाठी गल्लीत वाहन आणायचे होते. शेवटी ब्रेम्पॉन्गने आपल्या ओळखीचा अबोबोयावाला आणला. अबोबोया म्हणजे मागे मालाचा डबा असलेली तीनचाकी, आणि तिचा मालक म्हणजे जिद्दी माणूस. त्याला फक्त चरापाशी उभे राहायचे होते. पण ‘जात नाही’ हा शब्द ऐकल्यावर त्याच्या अंगात आले.

“कोण म्हणतं जात नाही?”

“अहो, जायला नकोच आहे,” मास्तर म्हणाले.

“नको कसं? मी दाखवतो ना.”

त्याने दाखवले. पुढचे चाक चरात आणि मागची दोन आभाळाकडे. गल्लीतल्या अकरा जणांनी मिळून ती वर काढली, त्यात मास्तरांचा दुसरा पांढरा शर्ट गेला. मुद्दाम बोलावलेल्या फोटोवाल्याने नेमक्या वेळी काढलेल्या फोटोत अर्धे चाक आणि बत्तीस दात दाखवून हसणारा ब्रेम्पॉन्ग एवढेच आले होते. न्केटियाबाई तो फोटो बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिल्या.

“यात आनंदाचं वातावरण दिसतंय,” त्या म्हणाल्या. “असं करते, निरीक्षक पाठवते. तो बघेल, लिहील, झालं.”

निरीक्षक बुधवारी मोटरसायकलवर आला. चराच्या पलीकडे थांबला. फळीकडे पाहिले, आपल्या नव्या बुटांकडे पाहिले. अलीकडून मास्तर हात हलवून “या, या” म्हणत होते. निरीक्षकाने वहीत काहीतरी लिहिले आणि तो निघून गेला. मास्तर आनंदले. त्यांना वाटले, याहून उत्तम पुरावा तो कोणता.

गुरुवारी न्केटियाबाईंनी शेरा वाचून दाखवला : ‘जागेपर्यंत वाट नसल्याने पाहणी होऊ शकली नाही.’

“झालं तर मग!” मास्तर म्हणाले.

“कुठे झालं? पाहणी झाली नाही.”

“पण का झाली नाही? वाट नाही म्हणून!”

“ते त्याचं कारण आहे, मास्तर. पाहणी न होण्याचं. तुमच्या अर्जाचं कारण पाहणीत सिद्ध व्हायला पाहिजे. आणि पाहणी तर झाली नाही.”

मास्तर खुर्चीत मागे टेकले. एकतीस वर्षांत त्यांनी अनेक मठ्ठ मुले पाहिली होती, पण आपण त्यांच्यापैकी एक आहोत असे त्यांना प्रथमच वाटले. न्केटियाबाई वाईट नव्हत्या. त्यांनी मूठभर शेंगदाणे पुढे केले आणि एक मार्ग सांगितला. गल्लीतल्या निदान दहा रहिवाशांनी जागेवर एकत्र बसून, वाट नाही असे लेखी दिले, तर तो पंचनामा चालेल. सोमवारी सकाळी आठच्या आत आणून द्यायचा. नाहीतर नऊ वाजता पाडणारी माणसे निघतील. “त्यांना फळीवरून जाता येतं,” त्या म्हणाल्या. “घण हातात असतो.”

घरी डोर्कासबाई शिवणाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आईनं गाठोडं बांधून ठेवलंय. मी सोडलं, तर तिनं परत बांधलं.” सोफ्यावर आजी डोळे मिटून बसल्या होत्या, पायांवर गोधडी ओढून.

बैठक शनिवारी सकाळी ठरली. ब्रेम्पॉन्ग म्हणाला, “उन्हात कोण बसेल? मांडव घालतो, खुर्च्या मांडतो. तुमच्याकडून काही घेत नाही. मला त्या दिवशी दुसऱ्या गावाला जायचंय, पण माझी माणसं येऊन लावून देतील.” मास्तरांना गहिवरून आले. शेजार असावा तर असा, असे ते दोनदा म्हणाले.

शनिवारी काय घडले ते एकेक करून पाहिले, तर कुणाचीच चूक नव्हती. ब्रेम्पॉन्गच्या माणसांना फक्त पत्ता सांगितला होता. शनिवार म्हटल्यावर ती माणसे जे दर शनिवारी लावतात तेच त्यांनी लावले. काळ्या-तांबड्या, म्हणजे तिथल्या दुखवट्याच्या रंगांच्या, झालरीचा मांडव, तीन बाजूंनी खुर्च्यांच्या रांगा, मधोमध लेसचे कापड घातलेले टेबल आणि खांबाला कर्णा. त्याच सकाळी डोर्कासबाई आजींचे सामान नव्या खोलीत लावत होत्या, आणि आजींचा ऐंशीव्या वाढदिवसाचा भलामोठा फोटो, गळ्यात सोन्याची माळ, अंगावर केंटेचे रंगीत, सणासुदीचे वस्त्र, त्यांनी पुसण्यासाठी बाहेर खुर्चीवर ठेवला होता. माणसांनी तो पाहिला. तो कुठे जातो हे त्यांना सांगावे लागत नव्हते. त्यांनी तो टेबलावर मध्यभागी ठेवला, दोन्ही बाजूंना कागदी फुले लावली आणि कर्णा चालू आहे की नाही ते पाहायला एक भजन लावले. मास्तरांचे दोन्ही पांढरे शर्ट भिजत पडले होते, म्हणून ते पेटीत तळाशी असलेला काळा शर्ट घालून बाहेर आले. मांडव जरा गडद वाटला खरा. पण फुकट मिळालेल्या मांडवाच्या रंगाविषयी बोलणे त्यांना बरे दिसेना.

मोठ्या रस्त्यावरून एक बस चालली होती. आत काळ्या-तांबड्या कपड्यांतली चाळीस माणसे. पुढच्या गावात कुणाच्या तरी मावशीच्या दुःखाची बैठक होती, आणि ड्रायव्हरला सांगितले होते, “मांडव दिसेल तिथं थांब.” ड्रायव्हरला मांडव दिसला.

मास्तर मांडवात पंचनाम्याचा कागद आणि चार पेने मांडत असताना त्यांनी मान वर केली, तर फळीवरून एकामागून एक माणसे येत होती. बायका, बाप्ये, काठी टेकत येणारा एक म्हातारा. सगळे उजवीकडून रीतसर हस्तांदोलन करत पुढे सरकले. एका जाड बाईने मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि ती हुंदके देऊ लागली.

मास्तर भांबावले. दहा माणसे हवी होती, ही तर चाळीस झाली. शिवाय एकही ओळखीचा नाही. रस्त्याच्या प्रश्नावर लोकांच्या भावना इतक्या तीव्र असतील, याची त्यांना कल्पना नव्हती. “शांत व्हा,” ते त्या बाईला म्हणाले. “सही तेवढी करा.” बाईने डोळे पुसत सही केली. तिच्या मागे सगळ्या बसने सह्या केल्या. मरणाच्या घरी आपण आलो होतो अशी नोंद ठेवायची पद्धत तिथे आहेच, त्यामुळे वर काय लिहिले आहे हे कुणी वाचले नाही.

मग गल्लीतले लोक आले. त्यांनी मांडव पाहिला, फोटो पाहिला, रडणारी माणसे पाहिली आणि ते चपापून घरी जाऊन काळे कपडे घालून आले. कोपऱ्यावरची, कावेळी नावाचा खाऊ विकणारी म्हातारी टेबलापुढे उभी राहिली आणि फोटोकडे बघून मोठ्याने म्हणाली, “बाई गं, एकदा तरी माझ्याकडे यायची होतीस. मी म्हणत होते, फळी नीट झाली की येशील.” तिने डोळ्यांना पदर लावला.

मास्तरांच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडायला लागला. त्यांनी फोटोकडे पाहिले. झालरीकडे पाहिले. स्वतःच्या शर्टाकडे पाहिले. आजी आत नव्या खोलीत दार लावून दुपारची झोप सकाळीच घेत होत्या. दाराचे कौतुक म्हणून त्यांनी कडीही लावली होती. हे आता थांबवले पाहिजे, असे म्हणून मास्तर उठले. तेवढ्यात नगरसेवक सार्फो आले.

सार्फो कुठलीही बैठक चुकवत नसत. तेही फळीवरूनच आले, आणि चकचकीत काळ्या बुटांनी फळीवर उभे राहून त्यांनी चराकडे पाहिले. मग चाळीस-पन्नास मतदारांकडे पाहिले, आणि तिथूनच खिशातून फोन काढला. “काय हो इंजिनिअर, लाज वाटते का? इथं शववाहिनी यायची कुठून? मास्तरांच्या घरची माणसं काय फळीवरून नेणार? दोन तासांत चरात नळ टाकून वाट करा. ट्रॅक्टर पाठवा. आत्ता!”

मांडवात टाळ्या वाजल्या. मास्तर उठलेले होते ते परत बसले.

दोन तासही लागले नाहीत. ट्रॅक्टर आला, मागे सिमेंटचे दोन मोठे नळ आणि आठ मजूर. तीन महिने जेवत असलेला कंत्राटदारही कुठून तरी प्रकट झाला. नळ चराच्या काठावर टेकवले गेले, आणि सार्फोंनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. “मास्तरांनी मला घडवलं,” ते म्हणाले. “त्यांच्या दुःखात नगरसभा त्यांच्या पाठीशी आहे. मास्तर, अंत्यविधीची तारीख जाहीर करा, म्हणजे त्याआधी रस्ता पक्का करून देतो.” आणि ध्वनिक्षेपक मास्तरांच्या हातात आला.

मास्तर उभे राहिले. समोर नळ काठावर होते, आत घातलेले नव्हते. एक तारीख सांगितली की रस्ता होत होता, ट्रक येत होता, ढीग जात होता, खोली वाचत होती. कुठलीही तारीख. एकोणतीस तारखेचा शनिवार तर रिकामाच होता. त्यांनी डोर्कासबाईंकडे पाहिले. त्या दारात उभ्या होत्या, हातात आजींचे गाठोडे होते, आणि त्या काहीच खुणावत नव्हत्या. मग मास्तरांनी सार्फोंकडे पाहिले आणि त्यांना दिसला बाकावर उभा असलेला बारा वर्षांचा पोरगा, ज्याची आजी एका वर्षात तीनदा वारली होती.

“सार्फो,” मास्तरांचा आवाज कर्ण्यातून आला, “तारीख नाही. आमच्या आजी जिवंत आहेत.”

“आहेतच, मास्तर,” ती जाड बाई हुंदका देत म्हणाली. “आपल्या सगळ्यांच्या मनात आहेत.”

“अहो, मनात नाही! मागच्या खोलीत आहेत. झोपल्यात.” मास्तरांनी पंचनाम्याचा कागद उंच धरला. “हा मांडव पंचनाम्यासाठी आहे. राडारोड्याच्या. मुदतवाढीच्या. मी तुम्हाला कुणालाही सांगितलं नव्हतं की... म्हणजे मला आधी कळायला हवं होतं. मला कळलं नाही. मग कळलं, तर मी थोडा वेळ बसून राहिलो. ते चुकलं माझं.”

कुणीतरी कर्ण्यावरचे भजन बंद केले. सार्फोंचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला आणि ट्रॅक्टरवाल्याने इंजिन चालू करून मागचा गिअर टाकला. बसमधल्या म्हाताऱ्याने शेजाऱ्याला मोठ्याने विचारले, “मग आपण रडलो कुणासाठी?”

भजन थांबल्यामुळे पोमा आजींना जाग आली. त्यांना गाण्यात झोप लागे, शांततेत लागत नसे. कडी काढून, काठी टेकत त्या बाहेर आल्या. मागच्या रांगेतली एक बाई किंचाळून खुर्चीसकट पडली. आजींनी तिच्याकडे लक्ष दिले नाही. त्यांनी मांडव पाहिला, फुले पाहिली, फोटो पाहिला, आणि तो जरा वाकडा होता तो सरळ केला. मग पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसल्या आणि सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली.

“बरीच माणसं आली की,” त्या म्हणाल्या. “जेवायला काय केलंय?”

डोर्कासबाईंनी त्यांच्या कानाशी वाकून सगळे सांगितले. आजींनी ऐकले, मान हलवली, आणि काठीने सार्फोंना जवळ बोलावले.

“पोरा, तू आणलेस हे नळ?”

“हो, आजी. पण आता—”

“मी दोन महिने इथं जिती बसलेय, तोवर फळी होती. मेले म्हणून कळलं, तर दोन तासांत नळ आले. असाच नियम आहे का तुमच्याकडे? असेल तर सांग. मी परत आत जाऊन पडते, लाजायचं कारण नाही. माझं वय झालंय. फक्त मास्तरांना परत खोटं बोलायला लावू नका. त्यांना ते येत नाही, बघितलंस ना.”

पहिल्यांदा तो बसमधला म्हातारा हसला. मग कावेळीवाली हसली, मग सगळा मांडव. सार्फोंना हसण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला हात केला आणि नळ खाली उतरले.

“भर कुठाय?” मुकादम ओरडला. “नळाच्या बाजूनं भराव लागेल. विटा, माती, काहीही.”

शंभरावर डोळे ढिगाकडे वळले. मजूर घमेली घेऊन निघाले, तसे मास्तर आडवे गेले. “त्याला हात लावू नका! त्याच्यावर अर्ज प्रलंबित आहे!” डोर्कासबाईंनी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतले, लग्नाला चौतीस वर्षे झाल्यावर पहिल्यांदाच, चारचौघांत. तासाभरात ढीग चरात गेला. कोंबडी बराच वेळ तिथे फेऱ्या मारत राहिली. बसवाल्यांनी आजींच्या पाया पडून निरोप घेतला आणि ते आपल्या खऱ्या मावशीकडे तीन तास उशिरा पोचले. संध्याकाळी आजी काठी टेकत नळावरून पलीकडे गेल्या, कावेळीवालीकडून पानात बांधून कावेळी घेतली आणि परत आल्या. गाठोडे त्यांनी स्वतः सोडले.

सोमवारी पावणेआठला मास्तर नगरसभेत हजर. न्केटियाबाईंनी हसत एक कागद पुढे केला. “मंजूर! शनिवारी नगरसेवकांचा फोन आला, मग फाइल पळाली. पंचनाम्याचीही गरज नाही.”

“पण बाई, आता ढीग राहिलाच नाही,” मास्तर म्हणाले. “त्याचा तर त्या चरात—”

न्केटियाबाईंचा हात केळ्यापाशी थांबला. “सरकारी चरात? तुम्ही सरकारी चरात राडारोडा टाकलात, मास्तर?”

मास्तरांनी तोंड उघडले. मिटले. न्केटियाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग केळ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि कागद त्यांच्या हातात दिला. ते रस्ताभर विचार करत आले, की न बोलणे हे खोटे बोलणे आहे का. निर्णय लागला नाही.

घरी आजींनी कागद वाचून दाखवायला सांगितला. मास्तरांनी चष्मा लावला. “‘सदर पत्त्यावर जे काही आहे ते, आहे त्या जागी, आजपासून आणखी तीन महिने राहू देण्यास नगरसभेची हरकत नाही.’ खाली सही. शिक्का.”

“परत वाच,” आजी म्हणाल्या.

मास्तरांनी परत वाचला.

“पत्ता आपलाच ना?”

“आपलाच, आई. पण हे त्या ढिगासाठी—”

“ढीग तर गेला. मग इथं आहे ते कोण?” आजींनी हात पुढे केला, कागद घेतला, नीट चार घड्या घातल्या, आणि आपल्या खोलीत जाऊन उशीखाली ठेवून दार लावले. मास्तर बाहेर उभे राहिले. आपण काही चुकीचे वाचले का, याचा ते बराच वेळ विचार करत होते.

तीन महिने गेले. खोलीला रंग लागला, भिंतीवरची लाल अक्षरे पांढऱ्या रंगाखालून अजून पुसट दिसत राहिली. त्या दिवशी दुपारी आजींनी कडी काढली आणि हाक मारली. आवाज जरा खोल गेला होता, अलीकडे त्यांना धाप लागे.

“मास्तर, उद्या संपतेय.”

“काय संपतंय, आई?”

आजींनी उशीखालचा कागद काढून त्यांच्यापुढे धरला. घड्यांवर तो फाटायला आला होता. मास्तर गोंधळून त्याच्याकडे आणि मग आजींकडे बघत राहिले. मग ते उठले. टेबलाशी बसून निळे पेन काढले आणि टपोऱ्या अक्षरांत लिहायला घेतले. ‘विषय : मुदतवाढ मिळणेबाबत.’ कारण लिहायच्या ओळीशी ते अडले. डोर्कासबाई शिवणाच्या मशीनवरून बघत होत्या. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, तो दोनदा पुसावा लागला, आणि मग लिहिले :

‘कारण : पलीकडे जाण्याची वाट अद्याप अपुरी आहे.’